मोजणी संपेपर्यंत

कुतुपालोंग छावणी,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय सोफूरा,

तुला आणि इलियासला माझे सलाम. अल्लाहच्या मेहेरबानीने आम्ही इथे ठीक आहोत. तुम्ही दोघंही तिकडे मलेशियात ठीक असाल. जोहराचं बाळ आता धरल्याशिवाय बसतं. सनोआरा छावणीच्या शिकवणीत लहान मुलांना अक्षरं शिकवते. माझ्या दोघी लेकींनी तुला सलाम सांगितलाय.

आठ वर्षांनी थोरल्या बहिणीचं, बुबूचं पत्र बघून तू दचकशील. फोनवरच बोलले असते, पण तुमच्या खोलीत आणखी चार बायका राहतात असं इलियासच्या चुलत्याने सांगितलं, आणि इथे तर बांबूच्या भिंती. मी खोकले तर पलीकडची 'काय झालं?' विचारते. म्हणून कागद. लुत्फा नावाची चाटगावची मुलगी इथे दुभाषाचं काम करते, ती या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवील. एकटी असशील तेव्हा वाच.

माझ्या अक्षराला हसू नकोस. तू सरकारी शाळेत चौथीपर्यंत गेलीस. मी घरच्या यादीवरून शिकले, घरातल्या माणसांच्या त्या सरकारी कागदावरून. साहेब वर्षातून एकदा मोजणीला यायचे, एकेका नावावर बोट ठेवून मोठ्यांदा वाचायचे, आणि मी मान खाली घालून आवाज आणि अक्षर जुळवत राहायची. मग साबणाला गुंडाळून आलेली वर्तमानपत्रं, औषधांच्या बाटल्या. तू चिडवायचीस, "आमच्या बुबूला पाच नावं वाचता येतात, सहावं आलं की अडते." आता मी जाडी पुस्तकंही वाचते. तुला खरं वाटणार नाही.

इथली खबर काय सांगू. रेशन पुन्हा कमी केलं. मोहसेना फुफू आमच्या शेजारी राहते. तीच गं, आपल्या गावी केयाफाऱ्यात मशिदीमागे जिचा पानमळा होता. तोंडात दात एकही नाही, तरी पान कुटून खाते. सुपारी महागल्यापासून सगळ्या दुनियेवर तिचा राग आहे.

पण मी पत्र त्यासाठी लिहीत नाही. मला बसवत नाही, सोफूरा. सकाळी शेगडी पुसायला घेतली आणि तीनदा पुसली. पाण्याच्या रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी यायच्या आत घागर तिथेच ठेवून परत आले. नदीपलीकडे आपल्या बाजूला पुन्हा घरं जळतायत, हे तिकडेही कळलं असेल. या वेळी दोन फौजा एकमेकींशी लढतात आणि मरतात मधले आपले. मोहसेना फुफूची बहीण आणि तिची माणसं अजून बुथिडाँगकडेच आहेत. दोन महिने फोन लागत नाही. फुफू रोज कुणाच्या तरी हातापाया पडून नंबर लावायला लावते. मग फोन कानाला धरून बसते, वाजत नाही तरी.

परदेशातून वकील आलेत. मोठ्या न्यायालयात आपला खटला चालू आहे, त्यासाठी गावोगावचे जुने जबाब पुन्हा तपासून घेतायत. पिकल्या केसांची एक उंच बाई आहे, तिचं बोलणं लुत्फा आपल्या बोलीत सांगते. परवा आमच्या ब्लॉकमधल्या बायकांना शेडमध्ये बोलावलं. लुत्फा म्हणाली, "फुफू, तुम्ही सांगाल ते जगापुढे जाणार आहे."

फुफू म्हणाली, "जग म्हणजे कोण गं? राहतं कुठल्या ब्लॉकात? आठ वर्षं नाव ऐकतेय मेल्याचं, एकदा घरी चहाला आलं नाही."

सगळ्या हसल्या. वकीलबाईने विचारलं, काय झालं? लुत्फाने लाजत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्यांना सांग, मीही त्यालाच शोधतेय."

मग माझी पाळी आली. तिने आपल्या गावच्या मेलेल्यांची यादी वाचली. जोहराच्या बापाचं, नजीरचं नाव आहे. माझ्या सासूबाईंचं आहे. तोयोबाचं नाही.

मी म्हटलं, माझी धाकटी राहिली. तिने कागद उलटेपालटे केले. म्हणाली, "तुमच्या यादीवर पाचच नावं आहेत. तुम्ही सांगता तशी मुलगी कुठल्याच कागदावर नाही. समोरचे वकील म्हणतील, अशी मुलगी नव्हतीच."

नव्हतीच! सहा वर्षं माझ्या कुशीत झोपली, ती नव्हतीच!

मग मी सगळं समजावलं. दोनच मुलांची परवानगी, तिसरं झालं तर तुरुंग. तुमच्या लग्नाला सहा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, म्हणून तोयोबाला तुमच्या यादीवर घातलं. गावात हे सगळेच करायचे. आठवतं, हाशिमच्या दोन पोरी त्यांच्या सत्तर वर्षांच्या आजीच्या यादीवर होत्या? साहेबाने विचारलं, "या तुझ्या?" तर म्हातारी म्हणाली, "अल्लाहने जरा उशिरा दिल्या." साहेबाला हसू आवरेना, त्याने शिक्का मारला. लुत्फाने हे सांगितलं तेव्हा वकीलबाई पहिल्यांदा हसली, आणि मग बराच वेळ लिहीत होती.

तर सोफूरा, तुझी यादी हवी. बोटीतून जातानाही तू ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी बांधली होतीस असं चुलता सांगतो. तोयोबाचं नाव या पृथ्वीवर फक्त त्या एका कागदावर आहे. त्याचा फोटो पाठव. आणि तुझा जबाब हवा, की ती तुझ्या यादीवर होती पण मुलगी माझी. लुत्फा फोनवर लिहून घेईल. पुढच्या रविवारी हे लोक परत जातात. त्याआधी झालं नाही, तर यादी तिच्याशिवाय जाईल.

बाकी त्या दिवसाचं मी माझ्या जबाबात सांगितलंय ते सांगितलंय. त्यावर आता काही बोलत नाही. तूही उगाळू नकोस. कागद पाठव.

तुझी,
मबिया बुबू


कुतुपालोंग,
बुधवार, १० डिसेंबर

सोफूरा,

सलाम. तुझा कागद मिळाला. पाण्याने एक कोपरा गेलाय, पण नावं शाबूत आहेत. इलियास, सोफूरा, तोयोबा. तिच्या नावापुढे 'मुलगी'. मी लुत्फाच्या फोनवर बोट ठेवून वाचलं, तर फोटो सरकून लहानमोठा व्हायला लागला. लुत्फा म्हणाली, "चाची, बोट लावू नका, नुसतं बघा." नुसतं बघायची सवय नाही मला.

मग तिने तुझा निरोप ऐकवला. आठ वर्षांनी तुझा आवाज. तू म्हणालीस, "बुबू, जबाब देते. तू त्यांना काय सांगितलंयस तेवढं मला सांग, म्हणजे दोघींचं जुळेल. मी कुठे उभी होते? तिचा कुठला हात माझ्या हातात होता? सुटला कुठे, ओढ्याजवळ की त्याच्या आधी?"

लुत्फाला वाटलं, तू विसरलीस. ती म्हणाली, "होतं असं, धक्क्याने विसरतात माणसं." जोहरा बाळाला पाजत बसली होती. तिने खाली घातलेली मान वर केली नाही.

तू विसरली नाहीस. तू तिथे नव्हतीसच.

हे एवढं लिहून मी उठले. दोनदा बाहेर जाऊन आले. मोहसेना फुफू म्हणाली, "कोंबडी अंडं घालायला जागा शोधते तशी काय फिरतेस? बस की एका जागी." आता बसलेय. लिहिते.

मोजणीच्या दिवशी तोयोबाला तुझ्या दारात उभं राहून तुला 'मा' म्हणायला मीच शिकवलं. चार वर्षांची असल्यापासून तिला ते येत होतं. मोजणीच्या आधी तू तिच्या गालांना तनाखाचा पिवळा लेप लावायचीस, केस विंचरायचीस, आणि साहेब गेले की ती पळत माझ्याकडे यायची. पण त्या पावसाळ्यात ती मोजणी नसतानाही तुझ्याकडे राहायला लागली. एकदा अंगणात माझ्यादेखत तुला 'मा' म्हणाली. मी तिच्या थोबाडीत मारली. आणि तुला म्हणाले, "स्वतःची कूस रिकामी म्हणून माझी पोर पळवतेस." ते शब्द मी कधी कुणाला सांगितले नाहीत. तूही सांगितले नसशील.

दुसऱ्या दिवशी इलियासबरोबर ओढ्यापलीकडे सासरी गेलीस. मला सांगून जायला मी तोंड तरी ठेवलं होतं का! मी तीन दिवस तुझ्या घराकडे पाहिलंही नाही, तोयोबालाही जाऊ दिलं नाही. म्हणून ते रिकामं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी सैनिक आले. रांगेत आले, मोजणीला येतात तसेच. कुणीतरी ओरडलं, "मोजणी! मोजणी!" वर्षाची मोजणी आधीच होऊन गेली होती, तरी कुणाच्या मनात आलं नाही. इतक्या वर्षांची सवय. नजीर यादी घेऊन अंगणात गेला. सासूबाईंना हाताला धरून उभं केलं. मी जोहराला आणि सनोआराला आमच्या दारात उभं केलं, आणि तोयोबाला म्हटलं, "पळ, खालाच्या दारात उभी राहा. मोजणी संपेपर्यंत हलायचं नाही."

ती म्हणाली, "आज खालाला मा म्हणू?"

मी म्हटलं, "आज म्हण."

ती पळत गेली.

पहिली गोळी नजीरला लागली. यादी त्याच्या हातातच होती. मी दोन्ही पोरींना ओढून मागच्या बांबूच्या बेटात शिरले. तिथून तुझं दार दिसतं. दाराला बाहेरून कडी होती. तोयोबा कडीच्या पुढे उभी होती. हात बाजूला, मान सरळ, जशी शिकवली तशी. सगळं गाव पळत होतं आणि ती हलत नव्हती.

जोहराने तिला हाक मारायला तोंड उघडलं. मी जोहराचं तोंड दाबलं. हाक गेली असती तर सैनिक बेटाकडे वळले असते, असं मी गेली आठ वर्षं स्वतःला सांगते. असतीलही वळले. मला ठाऊक नाही. मी हाक मारली नाही, एवढं ठाऊक आहे.

पुढचं लिहीत नाही. तुझं घर आधी पेटवलं.

सीमा ओलांडून इकडे आलो तेव्हा पहिल्याच दिवशी गावातल्या बायकांनी विचारलं, "धाकटी कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सोफूराबरोबर होती. तिच्या हातून सुटली." तू मेलीस असं वाटलं होतं मला. मेलेल्यावर टाकलं तर काय बिघडतं, असं वाटलं असेल. पंधरा दिवसांनी तू आलीस. लोकांनी तुला माझ्यादेखत विचारलं, "कशी गं सुटली पोर तुझ्या हातून?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी सनोआराच्या डोक्यातल्या उवा काढत होते, काढत राहिले.

तू 'नाही' म्हणाली नाहीस. तेव्हाही नाही, नंतरही नाही, बोटीत बसून गेलीस तेव्हाही नाही. आणि आता विचारतेस, कुठला हात!

कुठलाच नाही, सोफूरा. तुझ्या हातात तिचा हात नव्हता.

तू काहीही जुळवू नकोस. मी बघते काय करायचं ते.

मबिया


कुतुपालोंग,
शनिवार, १३ डिसेंबर

माझी सोफूरा,

परवा मी वकीलबाईकडे गेले. जाण्याआधी मोहसेना फुफूला सगळं सांगितलं. तिने पान थुंकलं. मग म्हणाली, "आता बदललंस तर म्हणतील, बाई खोटारडी. तुझ्या एकटीपायी आमचेही जबाब पाण्यात जातील. गप्प राहा. पोर काय परत येणार आहे?"

मी म्हटलं, "सोफूरा खोटी साक्ष द्यायला निघालीय, माझ्यासाठी."

फुफू म्हणाली, "मग ती तुझ्याहून चांगली."

"ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

तर ती उठली, पदर सावरला, आणि म्हणाली, "चल. तू रडायला लागलीस तर पुढचं सांगायला कुणीतरी हवं."

शेडमध्ये मी सगळं सांगितलं. लुत्फा मध्येच थांबली. फुफूने तिला पाणी दिलं आणि खेकसली, "बोल बाई, तुला पगार बोलण्याचा आहे." वकीलबाईने विचारलं, "तेव्हा वेगळं का सांगितलंत?" मी म्हटलं, लाज होती, हे एक. आणि दुसरं असं वाटलं, की माझी चूक लिहिली गेली तर सैनिकांची सुटेल. ते म्हणतील, आईनेच पाठवली.

तिने ते लिहून घेतलं. मग तिने विचारलं, "मोजणीत हलायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, साहेबांनी. हललं किंवा जागेवर नसलं की नाव कापायचे. नाव कापलं की माणूस त्या देशाचा राहत नाही. माझ्या आजीपासून आम्ही असेच उभे राहत आलोय.

"आणि मुलगी दुसऱ्या दारात का होती?"

"त्यांच्याच कायद्याने."

"मग हे सगळं मला पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली, "मोजणी कशी व्हायची तिथपासून." तिने नवा कागद घेतला. मी सांगत गेले, दुपार होईपर्यंत. जोहराही आली, तिने स्वतःचा जबाब दिला. मी तिचं तोंड दाबलं तेही तिने सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. पण परत येताना बाळ माझ्या हातात दिलं.

माझ्या जबाबाचा उपयोग होईल की नाही, हे वकीलबाईने सांगितलं नाही. म्हणाली, जुना आणि नवा, दोन्ही लावू, का बदलला तेही लावू. समोरचे बोट ठेवतीलच. ठेवू देत. बोट ठेवूनच मी वाचायला शिकले.

शेवटी तिने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" सगळे म्हणतात, न्याय हवा. मीही तेच म्हणणार होते. पण मोहसेना फुफू शेजारी बसली होती, मांडीवर तो मुका फोन घेऊन. मी म्हटलं, "तुम्ही मेलेल्यांची यादी नेता, ती न्या. पण आमची माणसं अजून तिकडे आहेत, जिवंत आहेत, कुणाच्या तरी दारात उभी आहेत. न्यायालयाचा निकाल कधी लागायचा तो लागेल. त्या आधी ज्यांच्या हातात थांबवणं आहे त्यांना सांगा, की थांबवा. आग लागलेल्या घराची चौकशी आग विझल्यावर करतात. इथे घर जळतंय आणि सगळे देश वहीपेन घेऊन बसलेत."

वकीलबाई म्हणाली, "मी सांगते. रोज सांगते. ऐकणारे कमी आहेत."

मग फुफू म्हणाली, "लिही गं, मबिया." आणि तिने तिकडे राहिलेल्या आपल्या माणसांची नावं सांगितली. बहीण, मेहुणा, त्यांच्या सुना, नातवंडं. अकरा नावं. मी लिहिली, माझ्या अक्षरात. मग मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या. एकीचा भाऊ, एकीची सासू, एकीचं मूल जे मावशीकडे राहून गेलं. तीन पानं भरली. लुत्फा म्हणाली, "याला मथळा काय देऊ?" फुफू म्हणाली, "दे, की ही माणसं आज सकाळपर्यंत जिवंत होती. पुढच्या महिन्यात कुणी विचारलं, कोण होती, तर म्हणावं, तुम्हाला आधी कळवलं होतं." सोफूरा, हे बरोबर आहे ना? आपल्याला दर वेळी विचारतात, पुरावा काय. या वेळी पुरावा आधी पाठवलाय. आता तरी कुणी हलावं.

उद्या ते जातात. आज दुपारी लुत्फा तुला फोन करील. तू खरं ते सांग. ओढ्यापलीकडे होतीस, त्याच्या तीन दिवस आधीच गेली होतीस, आणि का गेलीस तेही. मी काय बोलले ते जसंच्या तसं सांग. शब्द मऊ करू नकोस. तुला ती सवय आहे.

एकच. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ती तुझ्या यादीवर होती पण मुलगी माझी, असं सांग म्हणून. तो 'पण' काढून टाक. बाईने मला विचारलं, "यादीवर 'मुलगी' लिहिलंय, ते चुकीचं म्हणून नोंदवायचं?" मी म्हटलं, नको. सहा वर्षं तिचे केस तू विंचरलेस. आणि शेवटी ती ज्या दारात उभी राहिली, ते दार उघडेल आणि आतून मा येईल, हे तिला ठाऊक होतं. ती मा मी नव्हते.

मेलेल्यांच्या यादीत आता तिचं नाव आहे. मी बोट न लावता वाचलं. बापाचं नाव दोनदा लिहिलंय, नजीर आणि इलियास. आईचंही दोनदा. लुत्फा म्हणते, असं आजवर कुणाचं लिहिलं नव्हतं.

मलेशियात थंडी नसते असं ऐकते. इथे सकाळी धुकं असतं, नदी दिसत नाही. उत्तर लिहायचंच असं नाही. पण लिहिलंस तर स्वतःच्या अक्षरात लिही, मी आता सहावं नावही वाचते.

तुझ्या लेकीची आई,
मबिया